पुढची कातडी घट्ट आहे; शस्त्रक्रियेआधी काय करून पाहता येईल?

प्रश्न : कोथरूड, वय २८

नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो आणि कोथरूडला आईवडिलांसोबत राहतो. आजवर जो विषय मी कोणाजवळही काढला नाही तो येथे मांडत आहे, कारण आता तो टाळण्यासारखा राहिलेला नाही. माझे लग्न ठरले आहे आणि तुळशीचे लग्न झाल्यानंतरच्या पहिल्या मुहूर्तांपैकी एक आम्ही धरला आहे, म्हणजे माझ्या हाती जेमतेम पाच महिने आहेत.

माझ्या शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे जात नाही. एरवी सैल असताना लघवीचे छिद्र आणि त्याच्या भोवतीचा थोडासा भाग दिसतो; ताठरता आली की तेवढाही दिसत नाही, आणि जोर करून मागे घेऊ लागलो तर कातडीच्या कडेला दोरा आवळल्यासारखा करकोचा पडतो व दुखू लागते. लघवीला अडथळा नाही, धार सरळ पडते, कातडीत लघवी साठून फुगा येत नाही. वर्षातून एकदोनदा लाली आणि खाज येते व आपोआप जाते. लहानपणापासून हे असेच असल्यामुळे सगळ्यांचेच असे असते, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

गेल्या महिन्यात धीर करून एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडद्यामागे एकदा पाहिले, सुंता करून टाका, अर्ध्या तासाचे काम आहे, असे सांगितले आणि कोणती तारीख सोयीची आहे ते विचारले. मला शस्त्रक्रियेची भीती वाटते असे नाही, लागली तर मी करून घेईन. परंतु कातडी अशी का आहे आणि दुसरे काही करता येते का, या दोन प्रश्नांना मला उत्तर मिळाले नाही, आणि जी गोष्ट एकदा काढून टाकली की परत येत नाही तिच्याबाबत आधी कारण कळावे, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यानंतर औषधाच्या दुकानात नुसती खाज म्हणून सांगितले, तर दुकानदाराने एक ट्यूब दिली. खोक्यावर स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्हींची नावे आहेत. चार दिवस लावून मी थांबलो.

मलम आणि ताणण्याचा व्यायाम यांनी मोठ्या माणसाची कातडी खरोखर सैल होते का, त्याला किती काळ लागतो, आणि तसे करताना काही कायमचे नुकसान होण्याचा संभव आहे का, हे ज्यांना अनुभवाने किंवा अभ्यासाने माहीत आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : सदाशिव पेठ, वय ३५

तुमचे पत्र वाचताना सहा वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांपुढे आला, म्हणून सविस्तर लिहितो. माझे वय तेव्हा २९ होते आणि तुमच्याप्रमाणेच लग्न ठरल्यावरच मी डॉक्टरांकडे गेलो. फरक इतकाच, की मी ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी नीट उजेडात तपासले, कातडीच्या कडेला पांढरे कडक चट्टे नाहीत ना ते पाहिले, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासायला सांगितली, आणि अहवाल हाती आल्यावरच औषध लिहून दिले.

औषध म्हणजे बीटामेथासोन ०.०५ टक्के हे मलम, सकाळी व रात्री, सहा आठवडे. कुठे लावायचे हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले होते, कारण बहुतेक लोक ते सगळीकडे फासतात असे त्यांचे म्हणणे होते. कातडी हळूच जेवढी मागे जाईल तेवढी घ्यायची, म्हणजे जिथे ती आवळते ते वळे समोर येते, आणि त्या वळ्यावरच अगदी पातळ थर लावून कातडी परत पुढे आणून ठेवायची. आधी कोमट पाण्याने अंघोळ, कारण ऊब लागलेली कातडी अधिक ऐकते. त्यानंतर बसून, घाई न करता, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकेच मागे ओढायचे, मनात तीसपर्यंत मोजायचे, सोडायचे आणि पुन्हा ओढायचे. असे चारपाच मिनिटे. ताण आणि वेदना यांच्यातली रेघ पहिल्या काही दिवसांत स्वतःलाच सापडते आणि ती सापडेपर्यंत कमीच ओढलेले बरे.

पहिल्या आठवड्यात काहीही झाले नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी थोडे जास्त मागे जाते आहे असे वाटले, आणि त्या आनंदात एका रविवारी मी नको तेवढा जोर लावला. कड चिरली, दोन थेंब रक्त आले, आणि नंतर चार दिवस लघवी करताना झोंबत राहिले. डॉक्टर रागावले नाहीत, पण जे सांगितले ते माझ्या कायम लक्षात राहिले: चिरलेली जागा भरून येते तेव्हा तिथे वण तयार होतो, वणाची कातडी मूळच्या कातडीइतकी लवचीक नसते, आणि म्हणून फाडून केलेली प्रगती ही पुढे उलट अधिक घट्टपणा देऊन जाते. दहा दिवस सगळे थांबवून फक्त साधी पेट्रोलियम जेली लावायला सांगितली. माझ्या लहानपणी आजीच्या हातात कासार बांगड्या भरत असे, तेव्हा तो बांगडी रेटत नसे, हातच दाबून दाबून मऊ करीत असे आणि बांगडी मग आपसूक मनगटावर उतरत असे. ते दृश्य त्या दहा दिवसांत मला अनेकदा आठवले आणि नंतर मी तसेच वागलो.

पुन्हा सुरुवात केल्यानंतर पाचव्या आठवड्यात, अंघोळीच्या वेळी, सैल अवस्थेत कातडी प्रथमच पूर्ण मागे गेली. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती आणि मी घाबरलो होतो. जो भाग २९ वर्षे झाकलेला होता त्याला टॉवेलचा स्पर्शही सहन होईना, पाण्याची धार तर नाहीच नाही. ही अतिसंवेदनशीलता रोज थोडा वेळ उघडे ठेवल्याने आणि मगाने हळू पाणी सोडत राहिल्याने महिनाभरात पुष्कळ कमी झाली. कडेच्या खाचेत साचलेला पांढरा थरही दिसला. तो पू नसतो, मृत पेशी आणि स्रावांचा थर असतो आणि नुसत्या पाण्याने तीनचार दिवसांत निघतो. नखाने खरवडू नका.

ताठरतेच्या वेळी कातडी सहज मागे जायला मात्र आणखी अडीच महिने लागले. मलम सहा आठवड्यांनी बंद झाले होते, ताणण्याचा व्यायाम मी पुढेही चालू ठेवला. आजही अंघोळीत रोज एकदा कातडी मागे घेऊन धुतो. तुमच्याकडे पाच महिने आहेत, तेवढे पुरेसे ठरू शकतात. पण मुहूर्ताकडे पाहून वेग ठरवू नका, माझी चूक नेमकी तीच होती.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, पुणे

न तपासता मी निदान करणार नाही, तसे कोणीही करू नये. परंतु प्रश्नकर्त्यांनी विचारलेले ‘का’ महत्त्वाचे आहे आणि ते त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे होते, म्हणून लिहितो.

जन्माच्या वेळी पुढची कातडी आतल्या भागाला चिकटलेली असते आणि ती वाढत्या वयात आपोआप सुटते. डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवले होते की जन्मतः ही कातडी फक्त ४ टक्के मुलांमध्ये मागे जाते. पुढे १९६८ साली याकोब ओस्टर यांनी डॅनिश शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत सहासात वर्षांच्या मुलांमध्ये घट्टपणाचे प्रमाण ८ टक्के होते आणि सोळासतरा वर्षांपर्यंत ते १ टक्क्यावर आले होते. याचा अर्थ असा की बहुतेकांचे काम निसर्गच करतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी लहान मुलाची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नये. फार थोड्या पुरुषांमध्ये ही प्रक्रिया अपुरी राहते आणि कडेचे वळे अरुंदच राहते. वर्णनावरून प्रश्नकर्ते त्यांच्यापैकी असावेत, मात्र हे तपासणीनंतरच ठरेल.

तपासणीत आम्ही मुख्यतः हे पाहतो की कड निरोगी, मऊ आणि नुसती अरुंद आहे, की तिच्यावर वण आहे. लायकेन स्क्लेरोसस नावाचा एक दाहक आजार आहे, त्यात कडेची कातडी पांढुरकी, चिनी मातीच्या भांड्यासारखी गुळगुळीत आणि कडक होते, सहज चिरते, आणि काही रुग्णांत लघवीचे छिद्रही अरुंद होत जाते. या आजाराला वेगळे, अधिक तीव्र मलम लागते, बहुधा क्लोबेटासोल ०.०५ टक्के. तेही आमच्या देखरेखीखाली, कारण हा आजार असलेल्यांत शिश्नाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला असतो आणि पुढची अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते. वण पक्का झाला असेल तर ताणून तो सैल होत नाही, उलट आणखी चिरतो, आणि अशा रुग्णाला महिनोन्‌महिने व्यायाम करायला लावणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे होय. तेथे सुंता हाच योग्य उपचार ठरतो. काही वेळा कातडी मुळीच अरुंद नसते, खालच्या बाजूची शीर, म्हणजे फ्रेन्युलम, आखूड असते आणि तीच ओढ देते. रुग्णाला दोन्हींत फरक कळत नाही, उपचार मात्र निराळे आहेत.

कड निरोगी असेल तर स्टेरॉइड मलम आणि ताणणे हा पहिला उपचार म्हणून योग्य आहे. स्टेरॉइड तेथील सूज व दाह कमी करते, कातडीला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन नव्याने तयार होण्याचा वेग मंदावते आणि वरचा थर किंचित पातळ करते. एरवी स्टेरॉइडचा जो दुष्परिणाम म्हणून आम्ही रुग्णांना बजावतो, त्याचाच येथे मोजूनमापून उपयोग करून घेतला जातो. म्हणूनच मलम एकटे लावून ताणलेच नाही तर लाभ अपुरा राहतो, आणि मलमाशिवाय नुसते ताणले तर काम फार सावकाश होते. कालावधी साधारणपणे चार ते आठ आठवडे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली १२ चाचण्यांचा, १,३९५ मुलग्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात औषध नसलेल्या मलमापेक्षा स्टेरॉइड मलमाने स्पष्टपणे अधिक जणांची कातडी सुटल्याचे आणि गंभीर दुष्परिणाम न झाल्याचे दिसले. प्रामाणिकपणे सांगायचे तर या चाचण्या मुलांवरच्या आहेत. प्रौढांवरचा अभ्यास त्या मानाने थोडा आहे, तरीही माझ्या स्वतःच्या बाह्यरुग्ण विभागात निरोगी कडेच्या तरुणांना या मार्गाने बरे झालेले मी अनेकदा पाहिले आहे. आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर तेच मलम स्वतःच्या मनाने पुढे रेटू नये.

आता त्या तीन औषधांच्या ट्यूबबद्दल. तुम्ही चार दिवसांत थांबलात हे उत्तम केलेत. अशा मिश्रणांत स्टेरॉइड पुष्कळदा फार तीव्र असते आणि जांघेतली व शिश्नावरची कातडी पातळ असल्यामुळे ते तेथे अधिक शोषले जाते. शिवाय बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडमुळे खाज दबते पण बुरशी पसरत राहते, आणि मग आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा मूळ आजार ओळखूही येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांचा अनुसूची एचमध्ये समावेश केला, म्हणजे ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकता येत नाहीत, तरी दुकानात मागितली की मिळतात हा आपला रोजचा अनुभव आहे. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण संकोचामुळे माणूस डॉक्टरांऐवजी दुकानदाराकडे जातो आणि त्या संकोचाची किंमत त्याची कातडी मोजते.

साखर अवश्य तपासून घ्या. तरुणपणी ज्याची कातडी नीट मागे जात होती आणि आता जात नाही अशा माणसात तर मधुमेह आहे असे गृहीत धरूनच आम्ही सुरुवात करतो. लाली आणि खाज असताना मलम सुरू करू नका, आधी संसर्ग बरा होऊ द्या. साबण व जंतुनाशक द्रव तेथे लावू नका, कोमट पाणी पुरते. लग्नानंतर निरोध वापरणार असाल तर तेलकट मलम किंवा तेल लावलेल्या वेळी वापरू नका, तेलाने त्याचे रबर कमकुवत होते. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ शोधणे अवघड नाही. खर्चाचा प्रश्न असल्यास ससून रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवता येते. ‘गुप्तरोग’ हा शब्द वाचून मागे फिरू नका, तुमच्या तक्रारीत लपवण्यासारखे काही नाही.

उत्तर : निवृत्त ब्रदर, हडपसर

मी तेहतीस वर्षे पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात ब्रदर म्हणून नोकरी केली. वर सांगितलेल्या सर्व गोष्टींत एक वाक्य आले आहे, कातडी परत पुढे आणून ठेवायची, आणि ते इतक्या सहज आले आहे की वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल अशी मला काळजी वाटते. म्हणून मी फक्त त्याबद्दल लिहितो.

घट्ट कातडी एकदा मागे गेली आणि तेथेच राहिली, तर तिचे अरुंद वळे टोकामागच्या खाचेत अडकते आणि आवळपट्टीसारखे काम करते. रक्त आत येत राहते, बाहेर जाण्याचा रस्ता दबतो, टोक सुजते, आणि सूज आली की कातडी पुढे येणे आणखी कठीण होते. याला पॅराफायमोसिस म्हणतात. आमच्या वॉर्डात हे बहुधा लघवीची नळी घातलेल्या रुग्णांमध्ये दिसे. नळी घालताना कातडी मागे घेतलेली असे आणि घाईत ती पुढे आणायची राहून जाई. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे की नळी बसवली म्हणजे काम संपले नाही, कातडी पुढे आणली म्हणजे संपले.

घरी व्यायाम करताना असे झाले तर पहिल्या काही मिनिटांत घाबरून ओढाताण करू नये. सुजलेला भाग पूर्ण मुठीत धरून सलग पाचदहा मिनिटे सावकाश दाबून धरावा, म्हणजे साचलेले पाणी मागे सरते. मग दोन्ही अंगठ्यांनी टोक आत ढकलत, बोटांनी कातडी पुढे आणावी. जमले नाही तर लगेच, त्याच रात्री, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. सकाळपर्यंत थांबू म्हणून घरी बसलेल्या माणसाच्या टोकाचा रंग काळपट पडलेला मी पाहिला आहे, आणि लाजेखातर वाट पाहिली असे तो रडत सांगत होता. व्यायाम करून तसेच झोपू नका, आणि मागे घेतलेल्या कातडीसह कपडे घालून कामावर तर मुळीच जाऊ नका.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. वडिलांना मधुमेह आहे हे मी आधी लिहायला हवे होते. उद्याच रक्त द्यायला जातो. आईने लहानपणी खोबरेल तेल लावायला सांगितल्याचे अंधुक आठवते. तेलाने किंवा आयुर्वेदातील एखाद्या औषधाने हे होते का? आणि सुंतेखेरीज दुसरी लहान शस्त्रक्रिया असते का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर : वैद्य, रास्ता पेठ

या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे लहानसहान रोगांमध्ये, ‘निरुद्धप्रकश’ या नावाने आले आहे, आणि निवृत्त ब्रदर यांनी ज्या अडकण्याबद्दल सावध केले त्याला तेथे ‘परिवर्तिका’ म्हटले आहे. कातडी फाटण्यालाही ‘अवपाटिका’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. निरुद्धप्रकशाच्या चिकित्सेत सुश्रुतांनी धातूची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप माखून आत बसवायला आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालत जायला सांगितले आहे. म्हणजे घाई न करता, स्नेहन करून, टप्प्याटप्प्याने रुंदी वाढवणे हाच विचार तेथेही आहे. आज कोणी घरी नळ्या घालून पाहाव्यात असा याचा अर्थ मुळीच नाही. बाजारात सिलिकॉनची वळी मिळतात, त्यांचे तत्त्व तेच असले तरी वैद्यकीय देखरेखीवाचून ती वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

तेल आणि तूप यांनी कातडी मऊ राहते आणि ताणताना घर्षण कमी होते, त्यापलीकडे ती आपणहून वळे रुंद करत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे स्पष्ट सांगतो. भिंतींवरच्या जाहिरातींतून ‘विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ म्हणून जी अनामिक तेले व लेप विकले जातात त्यांच्यापासून दूर राहा. तशा लेपाने भाजल्यासारखी जखम झालेला एक तरुण माझ्याकडे आला होता, त्याला मी थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, पुणे

लहान शस्त्रक्रियेबद्दल विचारलेत, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रेप्युशिओप्लास्टी या शस्त्रक्रियेत कातडी काढून न टाकता अरुंद वळ्यावर उभा छेद घेऊन तो आडवा शिवतात, त्यामुळे घेर वाढतो आणि कातडी राहते. शीर आखूड असेल तर फ्रेन्युलोप्लास्टी. दोन्ही मूत्ररोगतज्ज्ञ करतात आणि कड निरोगी असेल तेव्हाच त्यांचा विचार होतो. वारंवार संसर्ग, लघवीला अडथळा, पुन्हा पुन्हा अडकणे, लायकेन स्क्लेरोसस किंवा एखादी गाठ वा न भरणारा व्रण, यांपैकी काही असेल तर मात्र शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

उत्तर : सहकारनगर, वय ५७

माझी बाजूही नोंदवतो, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी कोणी माझ्या वाटेवर असेल तर त्याला उपयोग होईल. माझी कातडी पन्नाशीपर्यंत अगदी व्यवस्थित होती. त्यानंतर कडेला कागदाने कापावे तशा बारीक चिरा पडू लागल्या, त्या भरल्या की जागा आणखी आवळे, आणि दोन वर्षांत ती मागे जाणे बंद झाले. मी ते वयाचे लक्षण समजलो. तपासले तेव्हा मधुमेह निघाला, बुरशीचा संसर्गही होता. साखर आटोक्यात आणून आणि बुरशीनाशक मलम लावून निम्मा त्रास गेला. पुढे साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर संसर्ग पुन्हा उलटला, कारण त्या गटाच्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि बुरशीला ती पोषक ठरते. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेतली. कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. शेवटी कडेचा वण इतका पक्का होता की मी सुंता करून घेतली आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. दोन आठवडे अवघडल्यासारखे चाललो, महिन्यात पूर्ववत झालो. मी लवकर गेलो असतो तर कदाचित मलमावर भागले असते, हे मात्र मला राहून राहून वाटते.

प्रश्नकर्ता, अकरा आठवड्यांनंतर

सर्वांना कळवणे माझे कर्तव्य आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ५.४ टक्के आली, म्हणजे मधुमेह नाही. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी नीट तपासून कड निरोगी असल्याचे सांगितले, शीरही आखूड नाही. बीटामेथासोन मलम सहा आठवडे लावले, व्यायाम दोन वेळा, सकाळी अंघोळीनंतर आणि रात्री कोमट पाण्याने शेकून. पहिली पाळी असली की पहाटे पाचला बस धरावी लागते, त्यामुळे सकाळचा व्यायाम काही दिवस राहून गेला. त्या दिवसांची भरपाई म्हणून एकदाही जास्त ओढले नाही, याचे श्रेय सदाशिव पेठेच्या पत्राला. चौथ्या आठवड्यात एका बाजूला बारीक चीर पडली तेव्हा लगेच थांबलो आणि पाच दिवसांनी पुन्हा सुरू केले.

गणपतीच्या आदल्या दिवशी सैल अवस्थेत कातडी प्रथमच पूर्ण मागे गेली. ब्रदरांचे वाक्य मी स्नानगृहाच्या आरशाजवळ चिठ्ठीवर लिहून लावले आहे, फक्त ‘पुढे आण’ एवढेच, आणि आईला ते कशाबद्दल आहे हे विचारावेसे वाटले नाही याचे समाधान आहे. ताठरतेत अजून निम्मीच मागे जाते आणि तेथे करकोचा पडतो, म्हणून त्या अवस्थेत मी पुढे रेटत नाही. मलम बंद झाले आहे. डॉक्टरांनी चार आठवडे नुसता व्यायाम करून पुन्हा दाखवायला सांगितले आहे, आणि गरज पडल्यास मलमाची दुसरी फेरी देता येईल असे म्हणाले आहेत.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघे तळजाईवर फिरायला गेलो होतो, तेव्हा होणाऱ्या पत्नीला हे सगळे सांगितले. सांगण्याआधी माझी दोन रात्री झोप उडाली होती. तिने ऐकून घेतले, दुखते का असे विचारले, आणि पुढच्या तपासणीला सोबत येऊ का असेही विचारले. मी हो म्हटले आहे. तारीख वीसची आहे.